पहिली लक्झरी सेडान घ्यावी की नाही, हे कसं ठरवावं?

पहिल्या लक्झरी सेडानचा विषय घरात निघाला की दोन सल्ले हमखास येतात: 'नुसते लोगोचे पैसे आहेत, सोडा' आणि 'एकदा तरी घ्यावीच'. दोन्ही ऐकून निर्णय होत नाही. इंदूरमध्ये नातेवाईक, शेजारी गाडी घ्यायला निघाले की मला सोबत नेतात, आणि इतक्या खरेद्या पाहिल्यावर माझं मत पक्कं आहे. गाडी मुख्यतः तुम्हीच चालवणार असाल तर जरूर घ्या. आई-वडिलांना मागे बसवून पुण्या-नाशिकला जायचं असेल, तर निर्णय मागच्या सीटवर बसून करा.

बजेट आणि कर्जाचा हप्ता तुम्ही पाहिलाच असेल. जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून या गाड्यांवर, इलेक्ट्रिक सोडल्यास, सरसकट 40 टक्के आहे, त्यामुळे कर वाचवायला लहान इंजिन निवडण्यात आता अर्थ नाही.

मग माप बघा. बीएमडब्ल्यू टू सिरीज ग्रान कूपेचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2670 मिमी, मर्सिडीज ए-क्लास लिमोझीनचा 2729, तर टोयोटा कॅमरीचा 2825. म्हणजे बीएमडब्ल्यू आणि कॅमरीत सहा इंचांचा फरक, आणि तो बहुतेक मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे जाणवतो. बीएमडब्ल्यू म्हणजे मागच्या चाकांवर चालणारी गाडी, ही समजूतही इथे लागू नाही. टू सिरीज ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते.

आता टेस्ट ड्राइव्ह. घोडं पेंड खातं ते इथे, आणि मलाही हे नीट जमायला वेळ लागला. सेल्समन तुम्हाला सुपर कॉरिडॉरवर नेतो. त्या गुळगुळीत, रुंद रस्त्यावर कुठलीही गाडी आवडते. तिथे जाऊच नका. गाडी घरी मागवा आणि घरातली चार माणसं बसवा, ज्येष्ठांना मागे. सुदामानगर असो की लोकमान्यनगर, स्वतःच्या कॉलनीतले स्पीडब्रेकर घ्या, तेही सरळ. गाडी तिरकी करून नाही. रोज कोण तिरकी करत बसणार? पोट घासल्याचा आवाज एकदा जरी आला, तरी ती गाडी तुमच्या गल्लीसाठी नाही. एकट्याने चालवून हे कधीच कळत नाही, कारण वजनाने गाडी खाली बसते.

परतल्यावर आई गाडीतून कशी उतरते ते पाहा. दाराचा आधार घेऊन, दोनदा जोर लावून उठत असेल तर उत्तर मिळालं. सेल्समनसमोर 'कशी वाटली?' असं विचारू नका. मुलाच्या आनंदात ती 'छानच आहे' म्हणणार. मधल्या सीटवरही कुणाला दहा मिनिटं बसवा. खालचा उंचवटा पाय ठेवू देत नाही, आणि पाच जणांचं कुटुंब असेल तर ही तक्रार प्रत्येक प्रवासात निघते.

तिथेच डिकी उघडून स्पेअर चाक आहे का बघा. नसेल आणि रनफ्लॅट टायर असतील, तर हवा गेल्यावर साधारण 80 किमी, तेही ताशी 80 च्या आत, एवढाच पल्ला मिळतो. सेंधव्याच्या घाटात टायर फाटला तर त्या मापाचा टायर गावातल्या दुकानात मिळेलच असं धरून चालू नका. रनफ्लॅटची बाजू कडक असते, खड्डा पाठीला जास्त लागतो. 'सवय होईल' हा सल्ला साठीच्या पुढच्या माणसाला कुणी देऊ नये.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन दोन्ही घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा येत नाही.

दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून आधीच घेतलेला आयकर, लागतो. तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता करून घ्या.

बुकिंगची घाई मात्र करू नका. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात आणि 2024 पासून उज्जैनच्या मेळ्यात मध्य प्रदेश सरकारने रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट दिलेली आहे, आणि या किमतीत ती रक्कम लाखांत जाते. त्यासाठी नोंदणी तिथल्याच आरटीओत होते, म्हणजे उज्जैनला घेतल्यास नंबर इंदूरच्या एमपी-09 ऐवजी एमपी-13 मिळेल. त्या वर्षीची सूट जाहीर झाली की नाही, हे आधी पाहा आणि डीलरकडून मेळ्याच्या दराचं कोटेशन लेखी घ्या.