दंतोपचाराची भीती आणि गुंगीचे पर्याय: निवड कशी करावी

अक्कलदाढ महिनोन्‌महिने ठणकत असूनही एका बाजूने चावून दिवस काढणारी आणि दवाखान्याची पायरी टाळणारी माणसे बहुतेक घरांत सापडतात. त्यांच्यासाठी गुंगीची सोय असते. मात्र ती मागण्यापूर्वी एक भेद नीट समजून घ्यावा. वेदना थांबवते ते हिरडीत दिलेले भुलीचे इंजेक्शन, बहुधा लिग्नोकेनचे. गुंगीच्या औषधाने मुख्यतः भीती ओसरते. त्यामुळे जागेपणीची गुंगी घेतली तरी हिरडी बधिर करावीच लागते. सुईचेच भय असेल, तर गुंगी चढल्यावर ती टोचावी आणि त्याआधी हिरडीवर बधिर करणारी जेल लावावी, असे डॉक्टरांना सांगता येते.

आपण नेमके कशाला घाबरतो, हे आधी स्वतःशी निश्चित करावे. ड्रिलचा आवाज सोसत नसेल, तर कानात गाणी लावून काम भागू शकते. आडवे पडल्यावर आपल्या हाती काहीच उरत नाही ही धास्ती असेल, तर डावा हात वर केला की काम थांबवायचे, असे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. डॉक्टर बहुधा उजव्या बाजूला बसत असल्याने डावा हात त्यांच्या हत्यारांच्या आड येत नाही. एवढ्याने निभावत असेल, तर औषधाच्या वाटेला जाऊच नये.

सर्वांत सौम्य पर्याय म्हणजे लाफिंग गॅस, अर्थात नायट्रस ऑक्साइड. नाकावर बसवलेल्या छोट्या मास्कमधून तो ऑक्सिजनसोबत दिला जातो आणि त्या मिश्रणात ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. काही मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, हातपाय जड होतात आणि मन हलके होते; माणूस जागा असतो, विचारलेल्याला उत्तरही देतो. शेवटी पाचेक मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. अमेरिकेतील हार्टफर्ड शहराचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी हाच वायू घेऊन स्वतःचा दात काढवून घेतला होता. सर्दीने नाक चोंदले असेल, गर्भारपणाचे पहिले तीन महिने चालू असतील किंवा डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा भरलेला असेल, तर हा पर्याय टाळतात. हा वायू शरीरातील बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. म्हणून शाकाहारी घरांत वारंवार आढळणारी बी-१२ची कमतरता आपल्याला असल्यास ती आवर्जून सांगावी.

दुसरा पर्याय गोळीचा. डॉक्टर ती साधारण तासभर आधी घ्यायला सांगतात. तिचा दोष असा, की पोटात गेलेली मात्रा नंतर कमी-जास्त करता येत नाही. एखाद्यावर काहीच परिणाम दिसत नाही, तर दुसरा दिवसभर पेंगत राहतो. घरातल्या कोणाच्या पाकिटातली झोपेची गोळी आपल्या मनाने कधीही घेऊ नये आणि मद्याबरोबर तर मुळीच नाही, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात.

शिरेतून दिली जाणारी गुंगी, बहुधा मिडाझोलामची, अधिक खात्रीची असते; ती थोडी थोडी देऊन बेताने राखता येते. रुग्ण हाकेला ओ देतो, पण नंतर त्याला फारसे आठवत नाही, “झालं पण?” असे विचारणारे कित्येक असतात. अडकलेली अक्कलदाढ काढताना किंवा तोंडात आरसा जाताच उबळ येणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडते. येथे मात्र कसून चौकशी करावी. जो दाढ काढतो, त्यालाच श्वासावर लक्ष ठेवता येत नाही. तेव्हा वेगळा भूलतज्ज्ञ असेल का, पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन आणि अंमल उतरवणारे फ्लुमाझेनिल हाताशी आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर गुळमुळीत मिळाल्यास तेथे गुंगी घेऊ नये. जोरात घोरत असाल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर तेही लपवू नये. पूर्ण भूल देऊन करायचे काम रुग्णालयातच होते आणि ते सहसा मोठ्या शस्त्रक्रियांसाठी किंवा अगदीच सहकार्य न करू शकणाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

शिरेतून गुंगी घ्यायची असल्यास साधारणतः ६ तास अन्न आणि २ तास पाणी वर्ज्य सांगतात. “फक्त चहाच घेतला” हे कारण येथे चालत नाही, कारण दुधाचा चहा अन्नातच मोजतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या दिवशी कसे घ्यायचे, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. नेलपॉलिश काढून जावे; ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटालाच लागतो.

गोळी किंवा शिरेतील गुंगीनंतर सोबत प्रौढ माणूस हवाच आणि २४ तास वाहन चालवू नये. स्कूटरवर मागे बसूनही घरी जाऊ नये. पेंगणाऱ्याची पकड केव्हा सुटेल, हे पुढच्याला कळत नाही. रिक्षा किंवा गाडीच बरी. ओठाची बधिरता उतरेपर्यंत गरम चहा तोंडाला लावू नये आणि लहान मुलांवर नजर ठेवावी, कारण बधिर ओठ गंमत म्हणून चावून ती त्यावर जखम करून घेतात.