मीटअपला जाताना एक प्रश्न आणि एक वही

मी प्रोग्रामर आहे आणि लिहितेही, त्यामुळे डेव्हलपरांच्या आणि ब्लॉगरांच्या अशा दोन्ही मीटअपना माझी बरीच वर्षं ये-जा आहे. नव्यानं येणारी मंडळी बहुतेक वेळा मागच्या रांगेत बसतात, मन लावून ऐकतात आणि कार्यक्रम संपला की निघतात. त्यांना निघताना पाहून दर वेळी थांबवावंसं वाटतं. व्याख्यान घरबसल्याही ऐकता येतं, पुष्कळदा त्याचं रेकॉर्डिंग मिळतं. रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही ती गोष्ट व्याख्यानाआधीच्या अर्ध्या तासात आणि नंतरच्या तासाभरात घडते. त्या वेळात ओळखीपाळखी नसताना कसं शिरायचं, ते इथे सांगते.

अशा भेटींची परंपरा जुनी आहे. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या गटाची पहिली बैठक झाली. पुढे अ‍ॅपल कंपनीचे सहसंस्थापक झालेले स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक त्या बैठकीला होते. नंतर आपल्या अ‍ॅपल-१ या संगणकाचे आराखडे त्यांनी याच क्लबात येणाऱ्यांना वाटले. हा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. मला मात्र त्या क्लबाची बैठक चालवायची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. ली फेल्सेन्स्टाइन सूत्रं सांभाळायचे तेव्हा एका भागाला ‘मॅपिंग’ म्हणत. त्यात ज्याला काही हवंय, ज्याच्याकडे काही देण्यासारखं आहे किंवा ज्याला काही बातमी सांगायची आहे, त्यानं उभं राहून थोडक्यात सांगायचं. दुसरा भाग ‘रँडम अ‍ॅक्सेस’. त्यात सगळे उठायचे आणि ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं त्याला जाऊन गाठायचे.

आजच्या बहुतेक मीटअपमध्ये दुसरा भाग असतो, पहिला नसतो. म्हणजे माणसं मोकळी फिरत असतात, पण कोणाकडे काय आहे आणि कोणाला काय हवंय हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून आपलं मॅपिंग आपणच घरून करून जायचं. ‘मी सॉफ्टवेअरमध्ये आहे’ किंवा ‘मला लेखनाची आवड आहे’ या ओळखीला समोरचा ‘अरे वा’ म्हणतो आणि बोलणं तिथेच थांबतं. त्याऐवजी ‘मी पायथन शिकतेय, छोटे प्रोग्राम जमतात, पण टेस्ट कशा लिहायच्या ते कळत नाहीये’ असं सांगा (टेस्ट म्हणजे प्रोग्राम बरोबर चालतो का ते तपासणारा कोड). किंवा ‘मी पक्षिनिरीक्षणावर लिहितो, जुने लेख वाचकांना सापडतच नाहीत, काय करावं?’ असं विचारा. असा अडलेला प्रश्न नेला की समोरच्याला मदत करायला जागा मिळते, आणि त्याला उत्तर येत नसलं तरी ‘थांब, तुझी एकाशी गाठ घालून देतो’ असं तो हमखास म्हणतो.

अशाच एका प्रश्नातून उलगडत गेलेलं बोलणं मला अजून लख्ख आठवतं. पक्ष्यांवर मराठीत लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या लेखाची लिंक कुठे शेअर केली की खाली दिसणाऱ्या सारांशाच्या शेवटी एक चौकट आणि प्रश्नचिन्ह उमटायचं. कधी शेवटच्या शब्दाचा पाय मोडलेला दिसायचा. आपल्याच टायपिंगमध्ये काहीतरी चुकतंय असं त्या धरून चालल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण डेव्हलपरनं वही मागून घेतली आणि ‘पक्षी’ हा शब्द फोडून लिहिला: प, क, हलन्त, ष, दीर्घ ई. वाचताना आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ते पाच वेगळे घटक आहेत. हे घटक साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट (साठवणुकीची छोटी एककं) लागतात, म्हणजे एवढ्याशा शब्दाला १५ बाइट. सारांश तयार करणारा प्रोग्राम बाइट मोजून मजकूर कापत असेल, आणि ती कात्री नेमकी दहाव्या बाइटवर पडली, तर ‘पक्’ एवढं हाती लागतं आणि ‘ष’चा एक तृतीयांश तुकडा लोंबकळत राहतो. तोच तुकडा चौकट होऊन दिसतो.

बाईंना कारण कळलं, टायपिंगवरचा ठपका गेला. पण त्या डेव्हलपरचा फायदा मला त्याहून मोठा वाटला. मजकूर कापणारं असंच फंक्शन त्याच्याही प्रोजेक्टमध्ये होतं आणि त्यानं ते फक्त इंग्रजी मजकुरावर तपासलं होतं. बाइट न मोजता घटक मोजले तर चौकट जाईल, पण काना-मात्रा अक्षरापासून तुटायची ती तुटेलच, हे त्याला बोलता बोलताच उमगलं. आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते अख्खं धरून कापायला हवं. बाईंकडे अशा मोडक्या शब्दांचे भरपूर नमुने होते. ते त्यांनी त्याला पाठवायचं कबूल केलं. लिहिणारे आणि प्रोग्राम करणारे एका खोलीत यायला हवेत असं मी कळकळीनं म्हणते ते यासाठीच. एकाला रोज टोचणारा काटा दुसऱ्याला दिसतच नसतो.

बोलणाऱ्यांच्या घोळक्यात घुसायचं कसं, ही धास्ती बहुतेकांना असते. ‘राइट द डॉक्स’ या तांत्रिक लेखन करणाऱ्यांच्या मेळाव्याचे एक संस्थापक एरिक होल्शर यांनी यावर सोपा नियम सांगितला आहे. घोळक्यात उभं राहताना एका माणसापुरती जागा मोकळी ठेवायची. अशा घोळक्याची आकृती ‘पॅक-मॅन’ या व्हिडिओ गेममधल्या तोंड उघडलेल्या गोल पात्रासारखी दिसते, म्हणून त्याला ‘पॅक-मॅन नियम’ म्हणतात. नवख्यानं असा मोकळा कोपरा असलेला घोळका शोधावा, जाऊन उभं राहावं आणि थोडा वेळ नुसतं ऐकावं. लगेच नाव-गाव सांगायची घाई नको. आणि तुम्ही स्वतः घोळक्यात असाल तेव्हा थोडं सरकून जागा करा. पहिल्याच भेटीत तुम्ही दुसऱ्या नवख्याची सोय केलेली असेल.

घोळका जमतच नसेल, तर लवकर पोचणं हा खात्रीचा उपाय. संयोजक खुर्च्या लावत असतात, प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला बसत नसते, पाट्या चिकटवायच्या राहिलेल्या असतात. ‘काही मदत करू का?’ एवढं विचारलंत की पुढची वीस मिनिटं तुम्ही काम करता करता बोलत असता आणि वक्ते, संयोजक, सगळ्यांची ओळख आपोआप होते. अबोल माणसांना हा रस्ता फार सोयीचा पडतो.

नोकरीच्या शोधात असलेले पुष्कळ जण मीटअपला येतात, आणि त्यात वावगं काही नाही. मात्र दिसेल त्याच्या हातात रेझ्युमे ठेवू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथे कामाचं आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, की ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याची तुमची भेट किती वेळा व्हायची? नेहमी भेटणाऱ्यांकडून कळलं असं सांगणारे १६.७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलं असं ५५.६ टक्क्यांनी सांगितलं, तर क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं असं २७.८ टक्क्यांनी. पाहणी लहान होती आणि अमेरिकेतल्या एका उपनगरातली होती, पण कारण पटण्यासारखं आहे. जिवलग मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. अधूनमधून भेटणारा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो, तिथल्या बातम्या त्याच्याकडे असतात. म्हणजे महिन्यातून एकदा दिसणारी, पण तुम्ही काय करता हे नीट ठाऊक असलेली माणसं जोडायची आहेत. त्यासाठी दर वेळी नवं मीटअप धुंडाळण्यापेक्षा एकाच गटात सलग जात राहा. दोन-तीन बैठकींनंतर चेहरा ओळखीचा होतो आणि मग लोक आपणहून बोलायला येतात.

आता वहीकडे येते. नवख्याला लगेच उपयोगी पडता येईल असं काम कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी एकच सांगते: झालेल्या बैठकीचा वृत्तांत लिहा. बहुतेक गटांत बोलणारे मिळतात, लिहून ठेवणारा मिळत नाही. वृत्तांत लिहायला त्या विषयातलं तज्ज्ञ असावं लागत नाही. उलट, ज्याला विषय नवा आहे तो नेमकं तेच विचारतो जे वाचकाला विचारायचं असतं. वक्त्यानं कोणती अडचण मांडली, ती कशी सोडवली, श्रोत्यांच्या प्रश्नांतून कोणती नवी बाजू पुढे आली आणि मला काय कळलं नाही, एवढं टिपलं तरी पुरतं. शेवटची बाब गाळू नका. ‘कॅश (संगणकातला तात्पुरता साठा) कधी रिकामी करायची हा भाग माझ्या डोक्यावरून गेला’ असं लिहिलंत की वक्ता स्वतः तुम्हाला समजावून सांगायला येतो.

लिहिताना पथ्यं मात्र पाळायची. व्यासपीठावरून सांगितलेलं आणि नंतर गप्पांत कानावर पडलेलं, यांत फरक करायचा. गप्पांमध्ये लोक आपल्या कंपनीतल्या अडचणी विश्वासानं बोलतात. त्या परवानगीशिवाय कुठेही लिहायच्या नाहीत, नाव गाळूनसुद्धा. मसुदा वक्त्याला आधी दाखवावा. फोटो काढण्याआधी विचारावं. काही जणांना आपला चेहरा कुठेही झळकायला नको असतो आणि त्यांनी कारण द्यावं अशी अपेक्षाही करू नये. शब्दाला जागणारा लिहिणारा अशी तुमची ओळख झाली की पुढच्या वेळी वक्तेच तुम्हाला आपल्या स्लाइड्स आगाऊ पाठवतात. डेव्हलपरांना या सवयीचा आणखी एक लाभ होतो. दुसऱ्याचं तांत्रिक बोलणं स्वच्छ भाषेत उतरवणारा माणूस आपल्या प्रोजेक्टचं डॉक्युमेंटेशनही नीट लिहायला लागतो.

पुढची पायरी म्हणजे स्वतः बोलणं, आणि त्यासाठी लाइटनिंग टॉकसारखी संधी नाही. साधारण पाच मिनिटांचं हे छोटं भाषण. नवख्यानंही बोलावं ही कल्पना जुनी आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत पहिलं बारकॅम्प भरलं, म्हणजे येणाऱ्यांनीच व्याख्यानं द्यायची असा खुला मेळावा. निमंत्रितांसाठीच असलेल्या ‘फू कॅम्प’ या तंत्रज्ञांच्या मेळाव्याला खुला पर्याय म्हणून काही जणांनी आठवड्याभराच्या तयारीत ते उभं केलं होतं. बारकॅम्पच्या नियमांत पहिल्यांदा येणाऱ्यानं बोललंच पाहिजे असा एक नियम आहे. ऐकायला तो जाचक वाटतो, पण त्यामागचा विचार मला मनापासून पटतो: आलेला प्रत्येक जण काही ना काही देऊ शकतो. पाच मिनिटांत एकच गोष्ट सांगा. ‘डेटाबेसची ओळख’ हा विषय नको; ‘माझी एक क्वेरी इंडेक्स लावल्यावर झटपट का झाली’ हा चालेल. ब्लॉगरांसाठी ‘जुना लेख पुन्हा लिहिताना मी काय बदललं’ हा विषय छान रंगतो. चालता प्रोग्राम दाखवायचा असेल तर आदल्या दिवशी स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून ठेवा. सभागृहातलं नेटवर्क नेमकं तेव्हाच रुसतं. अक्षरं शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढी मोठी ठेवा. आणि घड्याळ लावून एकदा मोठ्यानं म्हणून पाहा, कारण मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमी कमी वेळात संपतं.

गट निवडताना मी दोन गोष्टी आधी बघते. मागची बैठक कधी झाली आणि आचारसंहिता जाहीर केली आहे का. आचारसंहिता असून भागत नाही, तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि संपर्कही दिलेला हवा. हे स्पष्ट असेल तर एकटीनं जाणाऱ्या मुलीला निर्धास्त वाटतं. एखाद्या ठिकाणी अवघडल्यासारखं झालं तर तिथून निघून येण्यात काहीही गैर नाही, सगळे गट सारखे नसतात. सगळा वेळ एकाच कंपनीचं उत्पादन विकण्यात जात असेल तरीही दुसरा गट शोधावा. मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी खास कार्यशाळाही असतात. २०१४ मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या जँगो गर्ल्सच्या (जँगो हे पायथनमधून वेबसाइट बनवायचं साधन) कार्यशाळेत कोडिंगचा काहीही अनुभव नसलेल्या मुली आपला पहिला ब्लॉग स्वतः प्रोग्राम करून उभा करतात. लेखन आणि प्रोग्रामिंग या दोन्हींत एकदम पाऊल टाकायचं असेल, तर मी आधी हीच कार्यशाळा सुचवते.

भेट झाल्यावर दोन दिवसांच्या आत निरोप पाठवा, आणि त्यात बोलण्यातला एखादा धागा असू द्या. ‘तुम्ही सुचवल्याप्रमाणे टेस्ट लिहून पाहिली, पहिली पास झाली, दुसऱ्या ठिकाणी अडलेय’ असा निरोप आला की उत्तर द्यावंसं वाटतं. ‘भेटून आनंद झाला’ एवढ्यावर कोणी काय उत्तर देणार?

जवळपास गटच नसेल तर सुरू करायला दोन माणसं पुरतात. जागा शांत आणि सहज पोचता येईल अशी हवी, वाचनालयाची किंवा कॉलेजची खोली मागून पाहावी. दिवस पक्का ठरवा, म्हणजे ‘महिन्याचा दुसरा शनिवार’ असा, म्हणजे दर वेळी सगळ्यांना विचारत बसावं लागत नाही. पहिल्या बैठकीला वक्ता बोलवू नका. होमब्रूसारखं मॅपिंग करा: प्रत्येकानं एक अडचण आणि एक येत असलेली गोष्ट सांगायची, कोणीतरी ती फळ्यावर दोन रकान्यांत लिहायची, आणि मग जोड्या लावायच्या. निमंत्रणात वेळ, जागा आणि किती वाजता संपणार हे लिहाच. ‘नवख्यांनी जरूर यावं, लॅपटॉप नसला तरी चालेल’ हेही लिहा, कारण लॅपटॉप नाही म्हणून घरी बसणारे बरेच असतात.