साइडलाइनचा व्हिडिओ स्टेडियमच्या फायबरला जोडण्याआधीची तयारी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये २०२४च्या हंगामापासून एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने सामना चालू असताना टॅबलेटवर व्हिडिओ बघायला परवानगी दिली. एका संघाला १८ टॅबलेट चालू ठेवता येतात. त्यांवर प्रसारणाचा फीड आणि प्रशिक्षकांच्या कॅमेऱ्यांचे साइडलाइन (मैदानाची लांब कड) व एंड झोन (मैदानाचं टोक) हे दोन अँगल दाखवता येतात. त्यामुळे साइडलाइनवर आता छोटा रॅक, नेटवर्क स्विच, वायफायचा ॲक्सेस पॉइंट आणि यूपीएस असं बरंच सामान येतं, आणि ते वर प्रेस बॉक्समधल्या (पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या वरच्या खोल्यांतल्या) रेकॉर्डिंगच्या यंत्रणेला स्टेडियमच्या फायबरने (प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या केबलने) जोडावं लागतं. मुंबई-पुण्यात क्रिकेट, हॉकी किंवा फुटबॉलच्या मैदानावर हेच काम करणाऱ्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. नियम आणि वीजपुरवठा तेवढा वेगळा.

या कामात आपलं सामान क्वचितच दगा देतं. वेळ खातो तो मधला रस्ता: फील्ड बॉक्सपासून (मैदानाच्या कडेच्या जोडणीच्या पेटीपासून) प्रेस बॉक्सपर्यंतचे पॅच (वाटेतल्या खोल्यांत केबली जोडणारे छोटे तुकडे), जे दुसऱ्याच्या ताब्यात असतात, दुसऱ्याने लावलेले असतात आणि कागदावर असतात तसेच जागेवर असतील याची खात्री नसते. म्हणून तयारीचा मोठा भाग हा रस्ता आधी लिहून घेण्यात आणि मग मोजून घेण्यात जायला हवा.

फायबरच का

मैदानाची रुंदी ५३ यार्ड, म्हणजे जेमतेम ४९ मीटर. प्रेस बॉक्स डोळ्यांसमोर दिसतो, त्यामुळे साधी कॅट-सिक्स (तांब्याची नेटवर्क केबल) टाकली की झालं असं वाटतं. पण केबल डोळ्यांच्या रेषेत जात नाही. ती बोगद्यातून खालच्या मजल्यावरच्या मुख्य खोलीत जाते, तिथून शाफ्टमधून वर चढते, आणि २०० ते ३०० मीटर सहज होतात. तांब्याच्या इथरनेटची मर्यादा १०० मीटर. कोॲक्स केबलवर ३जी-एसडीआय (न दाबलेला कच्चा व्हिडिओ) ७०-८० मीटरच्या पुढे भरवशाचं राहत नाही.

दुसरं कारण विजेचं आहे. मैदानावरचा आणि प्रेस बॉक्समधला वीजपुरवठा बहुधा वेगवेगळ्या पॅनेलवरून येतो. दोन्ही टोकं तांब्याने जोडली तर दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक केबलमधून वाहतो. चित्रात पट्टे दिसतात, आणि विजा चमकत असताना पोर्ट जळतात. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

तीन आठवडे आधी काय विचारायचं

स्टेडियमच्या आयटी विभागाला आणि इमारत सांभाळणाऱ्यांना एकच पत्र पाठवा आणि उत्तरं लेखी घ्या. फोनवरचं "हो, आहे फायबर" काही कामाचं नाही.

- फील्ड बॉक्सचा नंबर काय, तो कोणत्या यार्ड रेषेजवळ आहे, आणि त्यात सिंगलमोड (बारीक गाभ्याचं फायबर) आहे की मल्टिमोड (जाड गाभ्याचं)?
- कनेक्टर कोणते: एलसी, एससी, एसटी की कॅमेऱ्याचा एसएमपीटीई हायब्रिड? टोकाचं पॉलिश यूपीसी (सरळ) की एपीसी (तिरकं)?
- आपल्याला कोणते स्ट्रँड (फायबरचे एकेक धागे) दिलेत, त्यांचे नंबर काय, आणि मध्ये किती खोल्यांत पॅच करावं लागतं? त्या खोल्यांची किल्ली सामन्याच्या दिवशी कोणाकडे असेल?
- टीव्हीचा ट्रक त्याच बॉक्समधले कोणते स्ट्रँड घेणार आहे?

शेवटचा प्रश्न टाळू नका. प्रसारणवाले सामन्याच्या आदल्या दिवशी येतात, रिकामा दिसलेला स्ट्रँड घेतात, आणि आपल्या नावाची चिठ्ठी नसेल तर तो आपला होता हे सिद्ध करता येत नाही. मागताना एक जोडी जास्तीची मागा. चालू जोडी मेली तर दुसरीवर जायला दोन मिनिटं लागतात; नव्याने शोधायची झाली तर पहिला हाफ संपतो.

रंगांवरून बरंच कळतं. पिवळी केबल म्हणजे सिंगलमोड, ॲक्वा म्हणजे ओएम३ किंवा ओएम४ मल्टिमोड, केशरी म्हणजे जुनी मल्टिमोड. निळं कनेक्टर सिंगलमोड यूपीसी, हिरवं एपीसी. एपीसीचं टोक ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. हिरवं निळ्यात बसतं, क्लिकही होतं, पण मध्ये हवेची फट राहते, प्रकाश घटतो आणि दोन्ही टोकांवर चरे पडू शकतात. मोबाइल कंपन्यांच्या अँटेनाचं जाळं बरेचदा हिरव्यावर असतं आणि त्याच खोलीतल्या शेजारच्या पॅनेलवर असतं, म्हणून ही गल्लत स्टेडियममध्ये जास्त होते. बारा स्ट्रँडच्या ट्यूबमधला ठरलेला क्रमही पाठ ठेवा: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, ॲक्वा.

बॉक्समध्ये फक्त एसएमपीटीई हायब्रिड असेल तर त्यातून एलसी काढणारी ब्रेकआउट केबल लागेल. या केबलमध्ये दोन सिंगलमोड फायबरबरोबर कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या तांब्याच्या तारा असतात. दुसऱ्या टोकाला ही वीज सोडणारं कॅमेरा कंट्रोल युनिट जोडलेलं नाही, हे त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसाकडून पक्कं झाल्याशिवाय हात लावू नका. उलटही होतं: काही स्टेडियममध्ये कनेक्टर हायब्रिड असतो, पण तांबं पुढे ओढलेलंच नसतं. तिथे आपल्या कॅमेऱ्याला जागेवरच वीज द्यावी लागते.

किती बँडविड्थ, कोणतं मॉड्यूल

आधी ठरवा की व्हिडिओ दाबून पाठवायचा की कच्चा. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत १०८०पीचा एक अँगल साधारण ८ ते १५ मेगाबिटमध्ये चांगला दिसतो. तीन अँगल धरले तरी ४५च्या आत. त्याला १ गिगाबिटची लिंक भरपूर झाली. कच्चं एचडी-एसडीआय मात्र एकटंच १.४८५ गिगाबिट आणि ३जी २.९७ गिगाबिट घेतं. ते इथरनेट स्विचमधून न नेता एसडीआयच्या कन्व्हर्टरमधून वेगळ्या स्ट्रँडवर न्यावं. त्या कन्व्हर्टरमध्ये व्हिडिओसाठीचंच एसएफपी (फायबर जोडायचं छोटं मॉड्यूल) घाला. नेटवर्कचं एसएफपी बसतं, चित्रही येतं, पण एसडीआयमध्ये अधूनमधून शून्यांच्या किंवा एकांच्या लांबलचक ओळी येतात. त्या त्याला झेपत नाहीत आणि चित्र क्षणभर तुटतं.

मॉड्यूलच्या बाबतीत तीन गोष्टी पाहा. दोन्ही टोकांची तरंगलांबी जुळायला हवी: एकीकडे ८५० नॅनोमीटर आणि दुसरीकडे १३१० असेल तर लिंक येणार नाही. एकाच स्ट्रँडवर चालणारं बायडाय मॉड्यूल असेल तर दोन टोकांना उलट जोडीची मॉड्यूल लागतात. दोन सारखी घातली तर अंधार. आणि काही स्विच दुसऱ्या ब्रँडचं एसएफपी ओळखायला नकार देतात, म्हणून स्टेडियमच्या स्विचसाठीचं मॉड्यूल स्टेडियमनेच द्यावं असं ठरवून टाका. १० गिगाबिटच्या पोर्टमध्ये १ गिगाबिटचं मॉड्यूल टाकत असाल तर वेग हाताने १ गिगाबिटवर बांधावा लागू शकतो.

प्रकाशाचा हिशोब

समजा रस्ता २८० मीटरचा, सिंगलमोड, वाटेत चार जोड (कनेक्टरचे) आणि दोन स्प्लाइस (कायमचे सांधे). १३१० नॅनोमीटरला किलोमीटरमागे ०.३५ डीबी (प्रकाश घटण्याचं माप) धरले तर अंतराचा तोटा ०.१ डीबी. प्रत्येक जोडाला मानकाप्रमाणे कमाल ०.७५, म्हणजे ३.० डीबी. स्प्लाइसला ०.३ प्रमाणे ०.६. एकूण ३.७ डीबी. १० गिगाबिटचं एलआर (लांब पल्ल्याचं) मॉड्यूल कमीत कमी −८.२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) सोडतं आणि −१४.४ डीबीएमपर्यंत वाचतं, म्हणजे हातात ६.२ डीबी. शिल्लक २.५.

या आकड्यांत अंतर जवळपास काहीच खात नाही. सगळं खातात ते जोड. स्वच्छ जोड ०.२-०.३ डीबीमध्ये बसतो, त्यामुळे असा रस्ता प्रत्यक्षात २ डीबीच्या आत मोजला जायला हवा. मीटर ४ दाखवत असेल तर लिंक चालेलही, पण कुठेतरी घाण किंवा वाकलेली केबल आहे, आणि थंडीत किंवा धक्का लागल्यावर ती लिंक तुटू शकते.

जागेवर मोजणी

सामन्याच्या दोन दिवस आधी दोन माणसांनी जावं, एक बॉक्सजवळ आणि एक वर. आधी लाल प्रकाशाचा पेन लावून आपला स्ट्रँड खरंच त्या पोर्टवर निघतो का पाहा. टोकात डोळा घालू नका, कागदावर प्रकाश पाडून बघा. लाल दिसतो तरी, पण १३१० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला तोही लागतो.

मग स्कोप, म्हणजे टोक मोठं करून दाखवणारा मायक्रोस्कोप. सिंगलमोडचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारं टोक स्कोपखाली माखलेलं निघतं. कृत्रिम गवताच्या मैदानावर तर हे ठरलेलंच. गवतात भरलेला रबराचा काळा चुरा बुटांबरोबर उडतो, फील्ड बॉक्सच्या तळाशी त्याचा थर साचतो, आणि झाकण उघडताच थोडा टोप्या नसलेल्या पोर्टांत जातो. म्हणून बॉक्स उघडल्यावर आधी तळ पुसून काढा, मगच टोपी काढा. एलसीसाठी १.२५ मिलिमीटरचा आणि एससी-एसटीसाठी २.५ मिलिमीटरचा क्लिक क्लीनर लागतो. क्लीनरने जात नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलं करून लगेच कोरडं पुसा. पुसल्यावर पुन्हा स्कोप. जोडाच्या दोन्ही बाजू साफ करा. एकच केली तर दुसरीची घाण तिच्यावर येते.

आता प्रकाश मोजणारा मीटर आणि लाइट सोर्स. आपल्याच टेस्ट कॉर्डवर शून्य करून घ्या, मग १३१० आणि १५५० दोन्हीवर मोजा. वाकलेल्या केबलचा तोटा १५५०ला जास्त दिसतो. १३१० चांगलं आणि १५५० वाईट आलं तर कुठेतरी केबल दबलीय. सगळ्यात आधी बॉक्सचं झाकण बघा: पॅच कॉर्ड खाचेतून बाहेर न काढता झाकण लावलं की ती कडेवर चेपते. आकडे स्ट्रँड नंबरसह लिहून झाकणाच्या आत चिकटवा.

मोजणी उत्तम आणि तरी लिंक येत नाही, असं झालं तर एका टोकाला डुप्लेक्स (दोन फायबरच्या) कनेक्टरमधली दोन टोकं अदलाबदल करा. एकाचा ट्रान्समिट दुसऱ्याच्या रिसीव्हला जायला हवा, आणि मधल्या खोलीत एक पॅच सरळ, एक उलटा लागला की ट्रान्समिट ट्रान्समिटसमोर येतो. मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणारा डबा) वापरत असाल तर तांब्याच्या बाजूच्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका. फायबर मेलेला असताना तो दिवा खुशाल लागलेला असू शकतो. फायबरच्या बाजूचा दिवा बघा.

नेटवर्क आणि वीज

आयटीला सगळ्या उपकरणांचे मॅक पत्ते (नेटवर्कवरचे ओळख क्रमांक) आणि स्विचचा प्रकार आधीच द्या, आणि वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा आपल्यापुरता भाग) मागा. बहुतेक स्टेडियमच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड असतो. आपला स्विच लावला की तो स्पॅनिंग ट्रीचे (नेटवर्कमधले वळसे टाळणारे) संदेश पाठवतो, पोर्ट ते पाहून लगेच बंद होतो, आणि अनेकदा आयटीचा माणूस हाताने उघडेपर्यंत बंदच राहतो. लिंक येऊन लगेच गेली तर संशय इथे घ्या, फायबर उपसू नका. मल्टिकास्ट (एकच फीड एकदम अनेकांना) वापरणार असाल तर आयजीएमपी स्नूपिंगबरोबर (मागणाऱ्या पोर्टांनाच फीड देण्याच्या सोयीबरोबर) क्वेरिअरही (फीड अजून कोणाला हवाय हे विचारत राहणारा) चालू आहे ना, हे विचारा. तो नसेल तर चित्र काही मिनिटं चालतं आणि थांबतं.

टॅबलेटसाठी प्रेक्षकांच्या वायफायवर विसंबू नका. वेगळा एसएसआयडी (वायफायचं नाव), ५ गिगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झचे चॅनेल, आणि तेही स्टेडियमच्या वायरलेसवाल्यांना विचारून.

वीज वेगळ्या सर्किटवर घ्या. अमेरिकेत १२० व्होल्ट, २० अँपिअरच्या सर्किटवर सतत १६ अँपिअरच घेता येतात. नोव्हेंबरात बाकाशेजारी १५०० वॅटचा एक हीटर लागला की १२.५ अँपिअर गेले. दुसरा लागला की ब्रेकर पडतो आणि आपला रॅकही. यूपीएस १५ मिनिटांचा ठेवा, म्हणजे ब्रेकर शोधेपर्यंत स्विच चालू राहील.

बरोबर काय न्यायचं

३ मीटरच्या चार आणि १० मीटरच्या दोन एलसी-एलसी सिंगलमोड पॅच कॉर्ड, एलसी-एससी आणि एलसी-एसटी दोन-दोन, १५० मीटरचं टॅक्टिकल (मैदानावर टाकायच्या मजबूत) फायबरचं एक रीळ, लागणाऱ्यापेक्षा दोन जास्त एसएफपी, दोन्ही मापांचे क्लीनर, टोप्यांची पिशवी, लेबल, गॅफर टेप. मल्टिमोडच्या कॉर्ड या पेटीत ठेवूच नका. घाईत एखादी मध्ये लागली तर मल्टिमोडमधून सिंगलमोडमध्ये शिरताना बहुतेक प्रकाश बाहेरच राहतो.

केबल टाकून झाल्यावर तिच्या जाडीच्या १० पट आणि ओढताना २० पट त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नका. पाण्याच्या गाड्या आणि इलाजाची टेबलं जिथून फिरतात तिथे टेपऐवजी केबल रॅम्प घाला. पाहुण्या संघाच्या बाजूचा बॉक्सही त्याच दिवशी मोजा. त्यांची माणसं आदल्या दिवशी येतात आणि त्यांना हे करायला वेळ नसतो.

सामन्यानंतर कॉर्ड काढण्याआधी स्विचवरचे रिसीव्ह पॉवरचे (येणाऱ्या प्रकाशाचे) आकडे उतरवून घ्या, कॉर्ड काढली की लगेच दोन्ही बाजूंना टोप्या लावा, आणि पुढच्या सामन्याच्या आधी ते आकडे पुन्हा वाचा. १ डीबीपेक्षा जास्त घसरलेला स्ट्रँड आधी साफ करा.