बडोद्यातून शांतता अभ्यासाच्या एम.ए.साठी अर्ज कसा करावा

‘पीस स्टडीज’ म्हटलं की कुणाला योग-ध्यान आठवतं, तर कुणाला समाजसेवा. विषय या दोन्हींपेक्षा वेगळा आणि बराच कष्टाचा आहे. माणसांचे गट एकमेकांवर का उठतात, कोण उठवतं, शेजारचं गाव पेटलं तरी आपलं का पेटत नाही, करार कसे होतात आणि का मोडतात, सगळं थांबल्यावर तीच माणसं पुन्हा एका गल्लीत कशी राहतात, हे प्रश्न या विषयात पुराव्यानिशी तपासले जातात. 1959 मध्ये ओस्लोत शांतता संशोधन संस्था उभी करणारे योहान गाल्टुंग यांनी या विषयाला एक पायाभूत भेद दिला. मारामारी थांबली ती नकारात्मक शांतता. मारामारीमागचा अन्यायही हटला तर ती सकारात्मक शांतता. ही जोडी डोक्यात पक्की ठेवा, अर्जात आणि मुलाखतीत ती पुन्हा पुन्हा भेटेल.

आधी वाद निवडा, मग विद्यापीठ

बहुतेक मुलं उलट्या दिशेने सुरुवात करतात. रँकिंग बघतात, फी बघतात, मग ‘मला जगात शांतता हवी आहे’ असं एक पान लिहितात. निवड समितीसमोर अशा पानांचा ढीग असतो. तुमचा अर्ज वेगळा काढतो तो तुमचा प्रश्न. एक ठरावीक वाद, एक जागा, आणि त्याबद्दल तुम्हाला खरोखर न सुटलेलं काहीतरी, एवढं हाताशी आल्याशिवाय फॉर्म उघडू नका.

बडोद्यात राहणाऱ्याला असा प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडे सगळे ज्याला ‘अशांत धारा’ म्हणतात तो 1991 चा कायदा घ्या. जाहीर केलेल्या भागात घर विकायचं तर आधी कलेक्टरची परवानगी लागते. दंगलीच्या भीतीने लोकांना पडत्या भावात घर विकायला लागू नये, हा त्याचा हेतू. पण त्याच कायद्याने मोहल्ले कायमचे वेगळे पडले का? बडोद्याचे बरेच भाग या कायद्याखाली आहेत. तुमच्या ओळखीत कुणीतरी ही परवानगी मागितलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो अनुभव शांतता अभ्यासाच्या थेट मध्यभागी बसतो.

किंवा नर्मदा. नर्मदा पाणीवाटप लवादाचा निवाडा 1979 चा. सरदार सरोवरात बुडालेल्या गावांपैकी काही महाराष्ट्राची, अक्कलकुवा आणि अक्राणी भागातली. विस्थापितांच्या कितीतरी वसाहती डभोई, वाघोडिया या तालुक्यांत आहेत. इथे बडोद्याच्या मराठी मुलाकडे एक गोष्ट आहे जी दिल्लीच्या किंवा लंडनच्या संशोधकाकडे सहसा नसते. महाराष्ट्र सरकारचे कागद मराठीत, गुजरात सरकारचे गुजरातीत, आणि तुम्ही दोन्ही सरळ वाचता. अर्जात हे ठळकपणे लिहा. ‘भाषा: मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी’ अशी शेवटच्या ओळीत ढकलायची ही गोष्ट नव्हे.

तिसरं उदाहरण जड आहे, पण टाळण्यासारखं नाही. 1 मार्च 2002 रोजी बडोद्याच्या हनुमान टेकडी भागात बेस्ट बेकरी जाळली गेली, 14 माणसं मेली. 2003 मध्ये इथल्या न्यायालयात सगळे आरोपी सुटले, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला महाराष्ट्रात पाठवला. न्याय राज्याबाहेर मिळतो तेव्हा त्या वस्तीतल्या शेजाऱ्यांच्या संबंधांचं काय होतं, हा गंभीर आणि अभ्यास करण्याजोगा प्रश्न आहे. मात्र असा विषय निवडलात तर जिवंत माणसांची नावं, घरं, ओळख पटेल असे तपशील अर्जात लिहू नका. त्यांच्या दुःखावर आपला प्रवेश उभा राहत नाही ना, हे आधी स्वतःला विचारा. चांगले प्राध्यापक मुलाखतीत हेच विचारतात.

प्रश्नाचा आकार कसा असावा याचा नमुना राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या कामात सापडतो. त्यांनी शहरांच्या जोड्या घेतल्या, एक दंगलीचं आणि एक शांत राहिलेलं. त्यांतली एक जोडी अहमदाबाद आणि सुरत. हिंदू-मुस्लिम एकत्र असलेल्या व्यापारी संघटना, युनियन, मंडळं जिथे मजबूत होती तिथे हिंसा आवरली गेली, असं त्यांचं म्हणणं. मग मांडवी आणि फतेहगंज यांत काय फरक आहे? याचं उत्तर तयार असायला नको. प्रश्न नेमका असला की पुरे.

कुठे अर्ज करायचा

भारतात पाच ठिकाणं नक्की बघा. जामिया मिल्लियातलं नेल्सन मंडेला केंद्र, जिथे संघर्ष विश्लेषण आणि शांतता उभारणीचं एम.ए. आहे. बनारस हिंदू विद्यापीठातलं मालवीय शांतता संशोधन केंद्र. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातला गांधी व शांतता अभ्यास विभाग. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातला याच नावाच्या जवळचा विभाग. आणि सिक्कीम विद्यापीठ, ईशान्येच्या वादांत रस असेल तर. केंद्रीय विद्यापीठांतल्या पुष्कळ एम.ए. जागा सीयूईटी-पीजी परीक्षेतून भरतात. तिचा फॉर्म साधारण वर्षअखेरीच्या सुमारास सुटतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. सगळ्याच जागा त्यातून जात नाहीत, म्हणून प्रत्येक विद्यापीठाचं त्या वर्षाचं माहितीपत्रक स्वतः वाचा.

वर्ध्याबद्दल मला विशेष सांगायचं आहे. मराठी घरांत ‘हिंदी माध्यम’ ऐकून लोक नाक मुरडतात. गांधी, विनोबा, सर्वोदय, शांतिसेना यांवर काम करायचं असेल तर सेवाग्राम आणि पवनार जवळ असणं कुठल्याही परदेशी ग्रंथालयापेक्षा मोलाचं आहे. विनोबा स्वतः बडोद्यात शिकले आणि 1916 मध्ये इंटरची परीक्षा सोडून काशीला गेले. 1957 मध्ये त्यांनी शांतिसेना सुरू केली. या धाग्यावर काम करणारा मराठी विद्यार्थी मूळ लेखन मूळ भाषेत वाचू शकतो.

परदेशात ब्रॅडफर्डचा विभाग 1973 चा, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने सुरू झालेला. मध्यस्थी आणि प्रत्यक्ष कामाकडे कल असेल तर तो बघा. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात जगभरच्या सशस्त्र संघर्षांची आकडेवारी गोळा होते. आकड्यांची भीती नसलेल्यांनी तिथे जावं. कोस्टा रिकातलं युनिव्हर्सिटी फॉर पीस हे 1980 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावातून उभं राहिलं. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठाची क्रॉक संस्था आहे. चार-पाच ठिकाणांच्या पुढे जाऊ नका. प्रत्येक अर्जाला वेगळं निवेदन लागतं आणि सहावं निवेदन हमखास पहिल्याची नक्कल होतं.

अलकापुरीतल्या परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टंटकडे जायचं का? व्हिसाच्या कागदांसाठी जा. कुठल्या विभागात जायचं हे त्यांना विचारू नका. या विषयाची मुलं त्यांच्याकडे फार येत नाहीत, आणि ज्या कॉलेजांशी त्यांचं कमिशन ठरलेलं असतं त्यांच्याकडे बोलणं वळतं. विभागाच्या पानावर प्राध्यापकांची यादी असते. तुमच्या प्रश्नाजवळ काम करणाऱ्या एखाद्याला छोटा ईमेल लिहा, त्यांचा एखादा लेख वाचून.

कागदपत्रं

उप्सालासारखी स्वीडिश विद्यापीठं सगळ्या देशासाठी एकाच पोर्टलवर अर्ज घेतात. पुढच्या शरद सत्रासाठी ते ऑक्टोबरच्या मध्यात उघडतं आणि जानेवारीच्या मध्यात बंद होतं. म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) दिवाळीपूर्वी हातात हवं. एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकला असाल तर शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्रही त्याच खेपेला मागून घ्या. काही ठिकाणी ते आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या जागी चालतं, काही ठिकाणी नाही.

नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळी रचना, आधारवर तिसरीच. ‘जोशी’चं स्पेलिंग एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरं असेल तर अर्जाआधीच प्रतिज्ञापत्र किंवा दुरुस्ती करून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना हे जास्त भोवतं.

शिफारसपत्रासाठी मोठ्या पदावरचा माणूस शोधू नका. ज्या सरांनी तुमचा निबंध वाचून त्यावर लाल शेरे मारले, ते डीनपेक्षा बरे. किमान दीड महिना आधी प्रत्यक्ष भेटा आणि एक पान सोबत न्या: कुठला कोर्स, तुमचा प्रश्न काय, त्यांच्या वर्गात तुम्ही काय केलं होतं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर नम्रपणे म्हणा, ‘सर, मी मुद्दे देतो, शब्द तुमचेच असू द्या.’ स्वतः लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला कळतं, आणि अनेक विद्यापीठं पत्र थेट शिफारस करणाऱ्याच्या अधिकृत ईमेलवरूनच मागतात.

निवेदन, म्हणजे एसओपी

पहिला खर्डा मराठीत लिहा. आपण इंग्रजीत लिहायला बसलो की लगेच मोठे शब्द वापरतो आणि त्यांच्याखाली काही उरत नाही. मराठीत खोटं लिहिलेलं स्वतःलाच लगेच जाणवतं.

‘लहानपणापासून मला हिंसेबद्दल चीड आहे आणि गांधीजींच्या विचारांनी मी प्रभावित आहे.’ हे वाक्य खरं असलं तरी त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं बघा: ‘आमच्या भागात घरविक्रीला कलेक्टरची परवानगी लागते. अर्ज भरायला मदत करताना लक्षात आलं की विकणारा आणि घेणारा एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, तरी तिसऱ्या शेजाऱ्याच्या हरकतीवर व्यवहार अडतो. ही हरकत कोण घेतं, कुठल्या काळात घेतं, हे मला तपासायचं आहे.’ दुसऱ्या मजकुरात जागा आहे, माणसं आहेत आणि पुढे काय शोधायचं ते आहे. उदाहरणातला अनुभव तुमचा नसेल तर अर्थात तो लिहू नका. स्वतःचा शोधा.

यानंतर तीन गोष्टी यायला हव्यात. या प्रश्नावर तुम्ही आतापर्यंत काय वाचलं किंवा केलं. तुमच्याकडे काय कमी आहे: मुलाखती घेण्याची पद्धत, संख्याशास्त्र, आंतरराष्ट्रीय कायदा. आणि ती उणीव याच विभागातला कुठला विषय, कुठले प्राध्यापक भरून काढतील. हा तिसरा भाग दर विद्यापीठासाठी नव्याने लिहावा लागतो आणि बहुतेक वेळ तिथेच जातो. जाऊ द्या.

थोर नावं सजावटीला आणू नका. हंसाबेन मेहता एम.एस. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू. 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसं’ असा शब्द त्यांच्या आग्रहामुळे आला. बडोद्याला याचा अभिमान वाटायलाच हवा. पण तुमचा विषय स्त्रिया आणि शांतता वाटाघाटी हा असेल तरच त्या निवेदनात याव्यात.

पैसा

इथे बडोद्याच्या मराठी घरांची एक अडचण होते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण महाराष्ट्राचा रहिवासी असल्याचा दाखला लागतो. मातृभाषा मराठी असणं पुरत नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती राज्यावर अवलंबून नाही. पण 2022 च्या नियमांपासून तिच्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषय बसत नाहीत. शांतता अभ्यासाच्या विद्यार्थ्याला हा नियम थेट लागतो, तेव्हा संशोधनाचा विषय ठरवतानाच नियम वाचा. मला स्वतःला ही अट अतिशय अन्यायाची वाटते.

रोटरी पीस फेलोशिप या विषयासाठीच आहे. ब्रॅडफर्ड आणि उप्साला तिच्या केंद्रांत आहेत, आणि फी, राहणं, प्रवास सगळं मिळतं. एम.ए.साठी तीन वर्षांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो, अर्जाची मुदत 15 मेपर्यंत असते. रोटरीचे सक्रिय सभासद, त्यांची मुलं आणि नातवंडं यांना ती मिळत नाही. बडोद्यात कितीतरी घरांत आजोबा रोटेरियन असतात, म्हणून आधी विचारून घ्या. ब्रिटनच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. 1892 पासून चालणारी जे. एन. टाटा एंडाउमेंट कुठल्याही विषयाला कर्जाऊ शिष्यवृत्ती देते. गुजरात सरकारच्या विदेश अभ्यास लोन योजनाही आहेत, पण त्यांत हा कोर्स बसतो का ते कार्यालयात जाऊनच विचारा.

अनुभवाची अट बघून निराश होऊ नका. पदवीनंतर दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत, कायदेविषयक मदत केंद्रात किंवा पुनर्वसनाच्या कामात घालवलेला विद्यार्थी या विषयात जास्त चांगला शिकतो, असं माझं ठाम मत आहे.

घरी विचारतील: पुढे काय?

खरं उत्तर द्या. या पदवीवर कॅम्पस प्लेसमेंटची रांग लागत नाही. कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेत ‘बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानंतर प्रशिक्षित मध्यस्थांच्या कामाला कायद्याचा आधार मिळाला आहे, आणि कायद्याची पदवी जोडीला असेल तर ही वाट भक्कम आहे. मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था आकडेवारी हाताळता येणारा, फ्रेंच किंवा अरबी येणारा माणूस शोधतात. एम.ए.बरोबर असं एक हत्यार नक्की घ्या आणि कुठलं घेणार ते आई-बाबांना आत्ताच सांगा, म्हणजे बोलणं भांडणावर जात नाही.

मुलाखत आणि ऑफर

मुलाखतीत एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: तुमच्या प्रश्नावर तुमच्याशी पूर्ण असहमत असलेला माणूस काय म्हणेल? त्याची बाजू त्याला स्वतःला पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा सराव घरी करा. धरण हवं असणारा शेतकरी, अशांत धारा हवा असणारा रहिवासी, यांच्याशी आधी खरोखर बोलून या.

ऑफर आल्यावर लगेच हो म्हणू नका. विभागाकडे सध्याच्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याचा संपर्क मागा. त्यांना फील्डवर्कला पैसे मिळतात का, भारतात काम करायला परवानगी आणि मार्गदर्शक मिळतो का, एवढं विचारा. ब्रिटनचा विचार असेल तर व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग 28 दिवस पडून राहावी लागते. घरात कुणाची एफडी मोडायची ते जूनमध्येच ठरवून ठेवा.