गर्भपातासाठी दवाखान्यात निघण्याआधी

आधी कॅलेंडर काढा आणि शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख कागदावर लिहा. डॉक्टर आठवडे मोजतात ते याच तारखेपासून. पाळी चुकून पंधराच दिवस झाले असं आपण धरतो, तेव्हा त्यांच्या हिशेबात सहा आठवडे झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंतच करतात, पुढे गर्भाची पिशवी साफ करावी लागते. म्हणून 'पुढच्या सोमवारी बघू' असं करू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणून घेऊ नका. गर्भ पिशवीऐवजी गर्भनळीत राहिला असेल तर या गोळ्या त्यावर चालत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सोनोग्राफी त्यासाठीच असते.

सहीबद्दल मात्र नीट ऐका. तुम्हाला अठरा पूर्ण असतील तर संमतीच्या फॉर्मवर फक्त तुमची सही लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीही नाही. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातच हे आहे, तरीही 'मिस्टरांना घेऊन या' असं सांगून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीचे त्या फेऱ्यांत तीन आठवडे गेले. तुम्हाला कुणी असं म्हटलं तर शांतपणे सांगा, 'माझी संमती पुरेशी आहे.' लग्न झालेलं नसलं तरी अडचण नाही. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवरा' हा शब्द जाऊन 'जोडीदार' आला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टर आणि नियमांत दिलेल्या कारणांपैकी एखादं कारण लागतं. तिथेही अविवाहित म्हणून बाईला वगळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. तुमचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर त्या कळवण्यात तिचं नाव न देण्याची मुभा आहे.

खासगी दवाखाना असेल तर गर्भपात केंद्राच्या मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं आहे का बघा. सरकारी रुग्णालयाला ती वेगळी मान्यता लागत नाही.

सोबत न्यायच्या पिशवीत आधार कार्ड, जुने रिपोर्ट, रक्तगट माहीत असेल तर तो कागद. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आवर्जून सांगा, इंजेक्शन लागू शकतं. दमा, फिट्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आधीचं सिझर, आत बसवलेली तांबी यातलं काहीही लपवू नका. भूल देणार असतील तर सहा तास आधीपासून खाणं बंद. नेलपॉलिश काढा, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावतात. मोठे पॅड, जादा चड्डी, सैल कपडे घ्या. परतताना सोबतीला विश्वासातलं एक माणूस असू द्या.

आणि पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून पुढचं साधन काय, याचा विचार घरीच करून जा. गर्भपातानंतर आठ-दहा दिवसांत पुन्हा बीज सुटू शकतं, पाळी यायची वाट बघत बसलात तर पुन्हा दिवस जाऊ शकतात. 'अंतरा' नावाचं गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. 'छाया' नावाची गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. ३८० ए तांबी दहा वर्षं चालते. पिशवी साफ केली आणि जंतुसंसर्ग नसेल तर तांबी त्याच वेळी बसवता येते, गोळ्यांनंतर मात्र सगळं बाहेर पडल्याची खात्री झाल्यावर. 'तांबी बसवणार असाल तरच करू' अशी अट कुणी घातली तर ती मान्य करू नका. साधन घ्यायचं की नाही आणि कोणतं, हे तुम्ही ठरवायचं.

रात्री लागेल असा दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून घ्या. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजले, ताप उतरेना किंवा वास येणारा स्राव सुरू झाला, तर सकाळची वाट न बघता निघा. गोळ्या घेतल्या असतील तर पंधराव्या दिवसाची तपासणी रक्तस्राव थांबला तरी चुकवू नका.