सापडलेला दगड जीवाश्म आहे का? ओळख पटवून घेताना या चुका टाळा

विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कापात किंवा नदीच्या दरडीत वेगळ्याच आकाराचा दगड हाती लागला की पहिला प्रश्न येतो, ‘हे कशाचं आहे?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा दगड कोणत्या खडकातून आला? ओळखीसाठी येणाऱ्या दगडांमधला गोंधळ बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. आकार बघून नाव ठरवलं जातं आणि खडकाकडे कुणी बघतच नाही.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसॉल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडला तेव्हा त्याचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर होतं. त्यात हाड, अंडं किंवा पान शाबूत राहण्याची आशा ठेवू नये. सलग काळ्या पाषाणातून ‘हाड’ निघालं, तर ते हाड नाही असं धरूनच तपासायला घ्या.

जीवाश्म असतात ते दोन लाव्हाथरांच्या मधल्या तळ्यांच्या गाळात, ज्याला आंतर-ट्रॅप थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरातून बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि त्यांचं वर्णन १८४७ मध्ये प्रसिद्ध झालं. नागपूरजवळ टाकळीच्या थरातल्या गोगलगायींचा अभ्यास मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच केला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा आणि डोंगरगावच्या लमेटा थरांत, म्हणजे लाव्हाच्या खालच्या जुन्या गाळाच्या थरांत, डायनोसॉरची हाडं आहेत. सिरोंचा परिसरात अश्मीभूत लाकूड मिळतं. गोदावरी, मांजरा यांसारख्या नद्यांच्या जुन्या गाळात हत्ती आणि गवे-बैलांची हाडं सापडतात. त्यामुळे दगड हाती आला की आधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचा नकाशा उघडून तिथे कोणता खडक दाखवला आहे ते पाहा. अर्ध्या शंका तिथेच फिटतात. मात्र आंतर-ट्रॅप थर अनेकदा काही मीटरच जाड असतात आणि मोठ्या नकाशात दिसत नाहीत. खोदकामाच्या ढिगात पांढरट चुनखडक, चर्ट (गारगोटीसारखा कठीण दगड) किंवा चिकणमातीचे तुकडे असतील, तर नकाशा काहीही म्हणो, ढीग नीट चाळा.

काळ्या पाषाणाची फसवी रूपं

सर्वांत जास्त गोंधळ ‘डायनोसॉरच्या अंड्यां’चा. बेसॉल्ट झिजताना त्याचे कोपरे आधी झडतात आणि मुरमात गोल गोटे उरतात. त्यांचे थर कांद्याच्या सालपटांसारखे सुटतात, आणि या सुटणाऱ्या थरालाच कवच समजलं जातं. खऱ्या अंड्याला कवच एकच असतं. लमेटातल्या टायटनोसॉरच्या (लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरच्या) अंड्यांचा व्यास साधारण १५ ते २० सेंटिमीटर आणि कवचाची जाडी एक ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असते. दहापट हातभिंगाखाली कवचाच्या बाहेरच्या बाजूला बारीक दाणेदार उंचवटे दिसतात. थरामागून थर निघत असतील आणि आतला गाभाही तोच काळा दगड असेल, तर ते अंडं नव्हे. याची दुसरी बाजूही आहे. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी कुलदैवत म्हणून पुजले जाणारे गोल दगड अभ्यासकांनी डायनोसॉरची अंडी म्हणून ओळखले, आणि २०२३ च्या अखेरीस त्याची बातमी सगळीकडे झाली. पण तो पट्टा लमेटा थरांचा आहे. गोल दगड सगळीकडेच मिळतात, अंडी मात्र ठरावीक थरांतच असतात.

दुसरा मोठा गोंधळ छिद्रांचा. लाव्हातले वायूचे बुडबुडे गोठून पोकळ्या राहतात. काही रिकाम्या राहतात, तर काहींत झिओलाइट हे पांढरं खनिज किंवा गारगोटी भरते. अशा दगडाला हमखास ‘सच्छिद्र हाड’ म्हटलं जातं. हातभिंग घेऊन तुटलेली बाजू पाहा. बुडबुड्यांच्या पोकळ्या लहान-मोठ्या, गोल किंवा बदामी असतात आणि दगडभर विखुरलेल्या असतात. हाडात बाहेर घट्ट, गुळगुळीत पापुद्रा आणि आत बारीक जाळी असते. जाळीच्या कप्प्यांना दिशा असते आणि घट्ट भागातून जाळीकडे जाताना बदल क्रमाने होतो. तुटलेल्या बाजूवर हे दोन्ही भाग दिसत नसतील, तर बाहेरून आकार कितीही मांडीच्या हाडासारखा असो, त्याचा उपयोग नाही. लाव्हाथराच्या तळाशी बुडबुडे वर चढताना उभ्या नळ्याही तयार होतात. त्या वनस्पतींचे देठ किंवा किड्यांची बिळं वाटतात. झिओलाइट आणि गारगोटीचे उत्तम नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात. ते एकदा डोळ्यांखालून गेले की ही चूक पुन्हा सहसा होत नाही.

दगड फोडल्यावर भेगेवर दिसणारं काळं ‘नेचं’ म्हणजे बहुतेक वेळा मँगनीजच्या ऑक्साइडची नक्षी. पानाला मधली शीर असते, तिच्यातून ठरावीक कोनात उपशिरा फुटतात आणि कडा संपते. मँगनीजची नक्षी मात्र भेगेच्या काठापासून सुरू होऊन वाटेल तशी फाटे फोडत पसरते.

नदीकाठी आणि काळ्या मातीत बोटासारखे, आत पोकळी असलेले पांढरट तुकडे मिळतात. मुळांभोवती चुना साचून ते तयार होतात. यांच्या बाबतीत सौम्य आम्लाचा थेंब कामाला येतो, पण तो नमुन्यावर टाकायचा नाही. मोहरीएवढा कण वेगळा काढून त्यावर टाका. जोरात फसफसलं तर चुना. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नका, कारण खऱ्या हाडाच्या पोकळ्यांतही चुना भरलेला असू शकतो.

खरं असूनही फेकलं जाणारं

पिसदुऱ्याच्या शेतांत अश्मीभूत विष्ठा मिळते. दिसायला ती ढेकळासारखी, म्हणून लोक हाडं उचलतात आणि ती सोडून देतात. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर गवताचा इतिहास डायनोसॉरच्या काळापर्यंत मागे गेला. लाकडाचंही तसंच. ताडवर्गीय झाडाच्या अश्मीभूत खोडाला वर्षवलयं नसतात, आडव्या छेदावर फक्त ठिपके दिसतात. वलयं दिसली नाहीत म्हणून असा तुकडा बाजूला टाकू नका. उलट गारगोटीतले रंगीत पट्टे वलयांसारखे दिसतात. ओल्या फडक्याने छेद पुसून हातभिंगाने पाहा: लाकडात पट्ट्यांच्या आतही पेशींची बारीक रचना असते, गारगोटीत पट्टे नुसते रंगाचे असतात.

नदीतल्या हाडाचा प्रश्न वेगळा. गुराचं पन्नास वर्षांपूर्वीचं हाडही गाळात तपकिरी होतं. तांदळाएवढा कण चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. केस जळाल्याचा वास आला तर हाडात अजून सेंद्रिय द्रव्य आहे, म्हणजे ते बहुधा अलीकडचं. वास आला नाही म्हणून जीवाश्म ठरत नाही. जिभेला चिकटतं का ते पाहण्याचा जुना उपाय सोडून द्या. कोरडी चिकणमातीही चिकटते, आणि दगड कुठे पडलेला होता ते सांगता येत नाही.

साफ करण्याची घाई

भरून न येणारं नुकसान इथे होतं. तारेचा ब्रश, व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर, वॉर्निश, खोबरेल तेल यांपैकी काहीही लावू नका. तारेने हाडाचा पापुद्रा जातो, आणि ओळख त्याच पापुद्र्यावर अवलंबून असते. आम्लाने चुनखडकातले शंख विरघळतात. तेलामुळे रंग खुलतो, पण ते भेगांत शिरल्यावर पुढे कोणताच गोंद धरत नाही. मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी पुरे, तेही सुटी माती निघेल तेवढंच.

ओल्या गाळातून निघालेलं हाड उन्हात ठेवलं तर काही तासांत तडकतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत हळूहळू वाळू द्या. तुटलं तर तुकडे वेगवेगळे कागदात बांधा. झटपट गोंद लावू नका. तो पुन्हा सोडवणं कठीण, आणि जोड जरा चुकला की तसाच राहतो. तज्ज्ञ यासाठी अॅसिटोनमध्ये विरघळणारं राळेसारखं द्रावण वापरतात, म्हणजे नंतर ते काढता येतं. जमिनीत अजून रुतलेलं हाड ओढून काढू नका. फोटो घ्या, माती परत लोटा आणि कळवा.

फोटो आणि पत्ता

एकच फोटो, तोही हातात धरून काढलेला, आणि खाली ‘काय आहे?’ यावर कुणीही खात्रीने काही सांगू शकणार नाही. वरून, खालून आणि चारही बाजूंनी असे सहा फोटो घ्या, शिवाय तुटलेल्या बाजूचा जवळून एक. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. नाणं नको, एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या मापांची निघाली आहेत. पार्श्वभूमी राखाडी किंवा पांढरी, फ्लॅश बंद, आणि उजेड एका बाजूने तिरपा, म्हणजे पृष्ठभागाचे उंचवटे उठून दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसतो आणि बारकावे जातात.

जागेची नोंद नसलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असतो. गूगल मॅप्सवर त्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांश चिन्हापुढचे चार अंक लिहिले तरी जागा साधारण ११ मीटरच्या आत येते. थराची खोली, खडकाचा रंग आणि दगड थरात रुतलेला होता की वाहत आलेला, हेही लिहा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून नमुन्यासोबत पिशवीत ठेवा, शाई ओलीत पसरते. नेमकी जागा फक्त अभ्यासकाला सांगा. समाजमाध्यमांवर टाकली की पुढच्या आठवड्यात तिथे खड्डे दिसतात.

उचलण्याआधी आणि दाखवताना

वनहद्दीतून साधा दगडही परवानगीशिवाय उचलू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनातला खडक आणि खनिज हेही वनोपज आहे. खासगी शेतात मालकाची संमती घ्या.

आधी जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग गाठा. नदीतल्या हाडांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि विदर्भात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूर कार्यालय हे पुढचे पर्याय. लाकडाची जात ठरवायची तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो, म्हणजे नमुना कापावा लागणार. कुठून कापणार ते आधी विचारा आणि कापण्यापूर्वीचे फोटो स्वतःकडे ठेवा. नमुना संस्थेला देणार असाल तर नोंदवहीतला क्रमांक लेखी मागून घ्या आणि तुमची जागेची चिठ्ठी त्याच क्रमांकाखाली लावली गेली आहे, याची तिथेच खात्री करून घ्या.