घोड्याच्या सायनसमधली दाताची गाठ: सर्जरीकडे वळणाऱ्यांसाठी

सर्जरीत एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करायला आलेल्या पोरांना घोडा म्हटलं की पायच दिसतात. डोक्याच्या केसच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही. मला मात्र त्याच आवडत गेल्या, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात नाकपुडीपासून करा. एकाच बाजूने कुजकट वासाचा शेंबूड येतोय, अँटिबायोटिकने थांबतो आणि कोर्स संपला की परत सुरू होतो, तर ती सर्दी नव्हे. वरच्या जबड्यातल्या मागच्या दाढांची मुळं मॅक्सिलरी सायनसमध्येच (वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी) असतात. त्यात घोडा तरुण असेल, गालफड एका बाजूने फुगलं असेल आणि श्वास घेताना घरघर होत असेल, तर ओडोंटोमा डोक्यात ठेवा. इनॅमल, डेंटिन, सिमेंट या दाताच्याच थरांचा वेडावाकडा गोळा तो. एक्स-रेवर दाढेइतकाच पांढराफटक दिसतो. तिरका व्ह्यू घेतल्याशिवाय तो कुठल्या दाढेला चिकटलाय ते कळत नाही. सीटी मिळत असेल तर सोडू नका.

चाकू हातात घेण्याआधी कॉलेजातली कवटी घेऊन बसा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून इन्फ्राऑर्बिटल छिद्रापर्यंत (डोळ्याखालचं, नस बाहेर पडते ते भोक) पेन्सिलने रेघ मारा. अश्रुनलिका तिच्याच आसपास जाते, मॅक्सिलरी फ्लॅप (सायनस उघडायला कापायचं हाडाचं झाकण) तिच्या खालीच राहायला हवा. ही रेघ हाताला पाठ झाली की अर्धं काम झालं.

ऑपरेशन शक्यतो घोडा उभा ठेवूनच: ट्रेव्हिस (घोडा अडकवायची चौकट), गुंगी आणि वेदनाशमनासाठी डेटोमिडीन व ब्युटॉर्फॅनॉल, आणि मॅक्सिलरी नर्व्ह ब्लॉक (वरच्या जबड्याची नस बधिर करणं). डोकं हृदयाच्या वर राहिलं की रक्त कमी जातं. हाडाचा फ्लॅप तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडायचा. गोळा अखंड निघेल ही आशा सोडा. ऑस्टिओटोमने (हाड कापायची छिन्नी) फोडून तुकडे काढावे लागतात, आणि रक्त येतं ते तेव्हाच. 450 किलोच्या घोड्यात साधारण 36 लिटर रक्त असतं, तरी रक्त देणारा घोडा आधीच क्रॉसमॅच करून (रक्त जुळतंय ते तपासून) ठेवा. नंतर गॉज ठासून भरायचं आणि त्याचं टोक नाकपुडीतून बाहेर काढून ठेवायचं.

पुढचे दिवस मोतद्दाराच्या हातात असतात. सायनसमध्ये बसवलेल्या फोली कॅथेटरमधून (मऊ नळी) कोमट सलाईनने धुणं त्याला स्वतः करून दाखवा. सोबत दाढही काढली असेल तर तोंडाकडचं भोक बुजवलेलं टिकतंय का ते बघत राहा, नाहीतर वैरण थेट सायनसमध्ये जाते.

आणि काढलेले तुकडे बादलीत टाकू नका, 10 टक्के फॉर्मलिनमध्ये ठेवा. ओडोंटोमा पूर्ण निघाला तर सहसा परतत नाही, अमेलोब्लास्टोमाचा (इनॅमल बनवणाऱ्या पेशींची गाठ) मात्र भरवसा नाही. मालकाला काय सांगायचं ते हिस्टोपॅथचा (तुकड्यांच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा) रिपोर्ट आल्यावरच ठरतं.